अगूल मेंढपाळांसाठी प्रार्थना कोणती करायची?

नगरची_सुनंदा:
आमच्या चर्चच्या प्रार्थनापत्रिकेत या महिन्यात ‘अगूल’ हे नाव आलं आहे. पुढे लिहिलंय, ‘अंधारात असलेले, शुभवार्ता न पोहोचलेले लोक. त्यांच्यात सेवक जावेत म्हणून प्रार्थना करा.’

आमच्या घरात ख्रिस्ती धर्माची ही चौथी पिढी, तरी हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. अगूल हे रशियातल्या दक्षिण दागिस्तानचे डोंगरी मेंढपाळ. 2010 च्या जनगणनेत ते रशियात 34 हजारांच्या आसपास होते. शाफी पंथाचे सुन्नी. त्यांच्या रिचा गावात एक अरबी शिलालेख आहे. 1239 साली मंगोलांनी गाव उद्ध्वस्त केलं आणि नंतर मशीद पुन्हा उभी राहिली, हे त्यात कोरलेलं आहे. सोव्हिएत राजवटीत मशिदी बंद पडल्या, तरी यांची श्रद्धा टिकली. अशा लोकांना अंधारातले म्हणायचं? शुभवर्तमान त्यांच्या भाषेत असावं, ज्याला वाचावंसं वाटेल तो वाचेल. पण बाहेरून माणसं पाठवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

वसईकर_फ्रान्सिस:
सुनंदाताई, ‘अंधारात’ हा शब्द मलाही खटकतो. पण तुमचं पुढचं म्हणणं मान्य नाही. ‘अगूल म्हणजे मुसलमान’ हे एकदा ठरलं की त्या गावातल्या एखाद्या मुलीने काय मानावं, हेही आपणच ठरवून टाकतो. तुमच्या पणजोबांना कोणी भेटलंच नसतं तर?

आणि प्रचार म्हणजे परदेशी माणूस, हेही खरं नाही. दागिस्तानची राजधानी मखाचकला इथले पास्टर आर्तुर सुलेमानोव्ह दागिस्तानचेच, अवार समाजातले. 15 जुलै 2010 रोजी त्यांना चर्चबाहेर गोळ्या घालून मारलं. दागिस्तानी माणसाने दागिस्तानात आपली श्रद्धा सांगितली, ही त्याची किंमत. ‘कोणी जाऊ नये’ म्हणताना आपण नकळत कोणाच्या बाजूला उभे राहतो, याचाही विचार करा.

रत्नागिरी_इम्तियाज:
आम्ही कोकणी मुसलमानही शाफीच, म्हणून हे नाव वाचून थांबलो. सुलेमानोव्ह यांचा खून हा खूनच, त्यात ‘पण’ नाही.

तरी फ्रान्सिसभाऊ, किंमत कोण मोजतं तेही बघा. फेब्रुवारी 2018 मध्ये दागिस्तानातल्याच किझल्यार शहरात चर्चबाहेर पाच बायका मारल्या गेल्या. जून 2024 मध्ये तिथल्याच दरबंद शहरात वयस्कर फादर निकोलाय कोतेल्निकोव्ह यांना चर्चमध्येच मारलं. हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक, पिढ्यान् पिढ्या तिथलेच, कोणाचं धर्मांतर करायला निघाले नव्हते. पत्रिका छापणारा सुखरूप घरी असतो. रागाची पहिली झळ शेजारच्या जुन्या चर्चला लागते. शिवाय 2016 पासून रशियात धर्मप्रचारावर कडक कायदा आहे, परवानगीच्या कागदाशिवाय प्रचार केला तर दंड होतो. अशा ठिकाणी लपूनछपून माणूस पाठवला की पकडलं जातं ते त्याला आसरा देणारं घर.

भाषावेडा:
मला धर्मापेक्षा भाषेची काळजी जास्त. अगूल भाषेत बोलणाऱ्यापेक्षा वरच्या अंगाला असलेल्या वस्तूसाठी वेगळं ‘ते’ आहे आणि खालच्या अंगाला असलेल्या वस्तूसाठी वेगळं. डोंगरच व्याकरणात शिरलाय! पण तिला लिपी मिळाली 1990 च्या सुमारास. तोवर लिहिणं-वाचणं लेझगी या शेजारच्या भाषेत किंवा रशियनमध्ये. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान अगूलमध्ये आलं, तेव्हा एवढ्या लहान भाषेला सलग गद्याचं पुस्तक मिळालं. हेतू काहीही असो, हे काम मी मोलाचं मानतो.

आणखी एक. अगूलची नातेवाईक भाषा उदी. उदी लोक आजही ख्रिस्ती आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या भाषेतली शुभवर्तमानाची वाचनं सिनाई पर्वतावरच्या मठात सापडली, खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांवर. म्हणजे त्या भाषाकुळाला ख्रिस्ती धर्म नवखा नाही.

रत्नागिरी_इम्तियाज:
भाषेचं सगळं मान्य. पण हजार-दीड हजार वर्षांपूर्वी शेजारी ख्रिस्ती होते, म्हणून आज अगूलांवर हक्क सांगता येत नाही. हाच न्याय लावला तर आपल्यापैकी कोणाचंच घर सुटणार नाही.

वसईकर_फ्रान्सिस:
हक्क मी सांगत नाहीच. लूकच्या पंधराव्या अध्यायात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून एकाला शोधायला जाणं म्हणजे काय, हे हिवाळ्यात कळप खाली मैदानात उतरवणाऱ्या माणसाला माझ्याहून चांगलं कळेल. ती गोष्ट त्याला सांगायला जाणं हा अपमान कसा?

नगरची_सुनंदा:
गोष्ट सांगणं अपमान नाही. त्यालाच हरवलेलं मेंढरू ठरवून मग सांगायला जाणं, हा अपमान आहे.

पण सुलेमानोव्ह यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या मनात सगळे प्रचारक बाहेरचेच होते, ती माझी चूक. रविवारी पाळकांना दोन गोष्टी सांगणार आहे. ‘अंधारात’ काढा. आणि ‘सेवक जावेत’ ऐवजी, तिथे जो कोणी, कुठल्याही श्रद्धेचा, उघडपणे प्रार्थना करतो तो जिवंत राहावा, असं लिहा.

वसईकर_फ्रान्सिस:
दुसरी ओळ जरूर घाला. ‘सेवक जावेत’ काढायला मात्र माझा विरोधच राहील.