मुलाखती घ्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नको

सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या आठवणी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून मागवाव्यात, अशी सूचना कुणीतरी केली आहे. आठवणी जमवायलाच हव्यात, पण ही वाट नको. तिथे आवाजाची फाइल दाबून लहान केली जाते, आणि शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, शेजारी यंत्रमाग चालू असेल तर त्या खडखडाटात म्हाताऱ्या माणसाचे शब्द विरतात ते कायमचेच. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. एका चॅनेलचा तास साधारण ५२० एमबी होतो. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पंखा बंद ठेवा.

भाषेचं कुणीच बोललं नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) घरातल्या आजींना मराठीत बोलायला लावलं की मागाच्या भागांची, ताण्याबाण्याची घरची नावं गळून पडतात. तेलुगूतच बोलू द्या, भाषांतर सावकाश होईल. ‘कुठल्या साली?’ असंही विचारू नका, अंदाजाने आकडा सांगतात. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माग घरातच होता का?’ असं विचारलं की काळ बऱ्यापैकी पक्का होतो. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉबद्दल (लष्करी कायद्याबद्दल) आज जे सांगितलं जातं ते बहुतेक आईवडिलांकडून आलेलं असतं. म्हणून प्रत्येक प्रसंगापुढे ‘पाहिलं’ की ‘ऐकलं’ हे त्याच दिवशी लिहा. महिन्याभराने रेकॉर्डिंग ऐकताना ते कळत नाही.