शब्दचर्चा : ‘स्कूल चॉइस’मध्ये कोण कोणाला निवडतं?

पाटीपेन्सिल : एका अहवालाचं भाषांतर करतेय. पानोपानी ‘स्कूल चॉइस’. पहिल्या खर्ड्यात डोळे मिटून ‘शाळानिवड’ लिहीत गेले आणि काल वाचताना अडखळले. पालकाने शाळा निवडली, की शाळेने मूल निवडलं? विग्रह दोन्ही होतात. मूळ कल्पना पहिली आहे. सरकारने पैसा मुलाच्या पाठीशी लावायचा आणि पालक मुलाला नेतील त्या शाळेत तो जाणार. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्ये मांडलेली. ‘व्हाउचर’, म्हणजे पालकाने शाळेत द्यायची सरकारी पैशाची चिठ्ठी, हा शब्दही तिथलाच, तोही अडलाय. सुचवा.

सेतूवाला : ताई, पुस्तकातलं मला कळत नाही, पण आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या मोफत जागांचे, फॉर्म दरवर्षी भरून देतो. नकाशावरचा लाल फुगा ओढत ओढत घराच्या छपरावर आणायचा. तो शेजारच्या गल्लीत पडला तर पुढे पडताळणीत भांडण ठरलेलं. मग जवळच्या शाळांची यादी उघडते, त्यातल्या दहापर्यंत शाळांवर टिक करायची. सोडत निघाली की फोन सुरू : ‘दादा, नंबर लागला का बघा की!’ ‘निवड झाली का’ असं आजवर एकाही आईने विचारलेलं नाही. निवड यादी, प्रतीक्षा यादी हे पोर्टलचे शब्द. आणि त्या निवड यादीत नावं असतात पोरांची, शाळांची नाही.

खर्डेघाशा : हेच! मराठीत ‘माझी निवड झाली’ म्हणजे मला कुणीतरी घेतलं. संघात, नोकरीत, शिबिरात. स्वतः ठरवायचं असतं तिथे आपण ‘पसंती’ म्हणतो. मुलगी पसंत पडली, स्थळ पसंत नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातही ‘पसंतीक्रम’च भरतात. माझं मत ‘शाळापसंती’ला.

जुना मास्तर : ‘निवडणे’ आधी स्वयंपाकघरातलं. तांदूळ निवडायचे, भाजी निवडायची. म्हणजे खडे आणि पिवळी पानं बाजूला काढायची. हसू नका, चिलीत नेमकं हेच झालं. १९८१ पासून तिथे सरकारी पैसा मुलामागे खासगी शाळेतही जाऊ लागला. पालकांना शाळा निवडायला मोकळीक, असं म्हणायचे. प्रत्यक्षात बऱ्याच शाळा मुलांच्या परीक्षा घेत, आईवडिलांच्या मुलाखती घेत आणि अनुदानावर वरून फीही आकारत. खडे सरकारी शाळेकडे. शेवटी २०१५ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना असं निवडणं आणि ही वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायला लावली. तेव्हा ताई, चिलीवरच्या प्रकरणात ‘शाळानिवड’ ठेवलीत तरी चालेल, अर्थ मात्र उलटा घ्यावा लागेल.

पाटीपेन्सिल : गुरुजी, हे तळटीपेत चोरणार आहे. आता व्हाउचर?

खर्डेघाशा : ‘शिक्षणहुंडी’ कशी वाटते? कागद ज्याच्या हाती, पैसा त्याला.

जुना मास्तर : हुंडी म्हटलं की लोकांना देवळातली पेटी आठवते. आणि व्हाउचर म्हटलं की आमच्या शाळेतल्या कारकुनाला खडूच्या खोक्याचं बिल डकवायचा कागद. शिवाय चिलीतही पालकाच्या हातात कागद येत नाही. हजेरीच्या हिशेबाने पैसे थेट शाळेला जातात.

सेतूवाला : आपल्याकडे त्याला ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात. शाळेने मूल आधी फुकट शिकवायचं, सरकार मागाहून देणार. महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये हा आकडा गाजला. ‘मागाहून’ म्हणजे किती मागाहून, ते कुठल्याही संस्थाचालकाला विचारा.

पाटीपेन्सिल : म्हणजे आरटीईला व्हाउचर म्हणताच येत नाही?

सेतूवाला : निम्मंच. पसंती फक्त पंचवीस टक्के जागांपुरती, तीही सोडतीवर. २०२४ मध्ये तर तेवढीही राहिली नव्हती. फेब्रुवारीत नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. यादी उघडली, तर सगळ्या जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या नाहीतर अनुदानित. एक बाई स्क्रीनकडे बघून म्हणाली, ‘या शाळेत तर माझी थोरली बिनफॉर्मची जाते. मग हा फॉर्म कशाचा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्दच केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठेवलं. मधल्या काळात फॉर्म परत पहिल्यापासून भरले. लाल फुग्यासकट.

खर्डेघाशा : विषयांतर, पण अहवालात तंत्रज्ञानही असेलच. ‘लर्निंग’ला सगळीकडे ‘शिक्षण’ लिहू नका. शिकणं आणि शिकवणं दोन्ही त्यात बुडतं. अध्ययन आणि अध्यापन वेगळे ठेवा. ‘डिजिटल शाळा’ला मात्र हात लावू नका. गावात त्याचा अर्थ पक्का आहे : भिंतीवर टीव्ही लागला.

जुना मास्तर : आणि तो चालू आहे की नाही, याचा त्या शब्दात अंतर्भाव नाही.

पाटीपेन्सिल : ठरलं. पालक टिक करतो तिथे ‘शाळापसंती’. शाळा चाळणी लावते तिथे ‘शाळांकडून निवड’. व्हाउचर तसंच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून. प्रतिपूर्ती फक्त आरटीईसाठी.

सेतूवाला : आणि ‘नंबर लागणे’?

पाटीपेन्सिल : घालून बघते. संपादक पहिल्याच वाचनात कापतील.