नागपुरात मुलांना शेत दाखवायचंय तर...
मुलांना शेती कुठे दाखवावी, या प्रश्नावर बहुतेकांनी शहराबाहेरचे रिसॉर्ट सुचवलेत. तिथे बैलगाडीची फेरी होते, शेती कुठे दिसते? त्यापेक्षा महाराजबागेला लागून असलेलं कृषी महाविद्यालय बघा. १९०६ पासूनचं आहे, आणि भर शहरात अजूनही पिकं उभी असतात. फक्त आधी कार्यालयात विचारून घ्या.

संत्र्याचं कलम मात्र जवळून दाखवाच, तिथे नाही जमलं तर काटोलकडच्या एखाद्या बागेत. खाली जंबेरीचं, म्हणजे एका काटक लिंबाचं खोड, वर संत्रा, मधे डोळा (संत्र्याच्या फांदीवरचा कोंब) बांधल्याची खूण. बोट फिरवलं की कळते. बहार, म्हणजे फुलोरा यावा म्हणून झाडाचं पाणी मुद्दाम तोडून ताण देतात, हे ऐकल्यावर माझ्या पोरीने बागवानदादांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. आंबिया बहाराची (हिवाळा संपताना येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं झाडावर बघायची असतील तर दिवाळीच्या आसपास जा.