अनुभव धागा : डेट्रॉइटचे वेतन करार – कामगारांनी काय सोडले आणि खर्चात किती उतरले?

अमेरिकेतील वाहन उद्योगाच्या मजुरीखर्चाचा विषय निघाला, की २००८ सालचा ‘तासाला सत्तर डॉलर’ हा आकडा अजूनही पुढे येतो. त्या हिवाळ्यात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या डेट्रॉइटच्या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला गेले होते आणि बातम्यांमध्ये तोच आकडा घोळत होता. युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने २००५ ते २००९ या काळात एकेक हक्क सोडला आणि २०२३च्या संपानंतर त्यातील काही परत मिळवले. हे करार ज्यांनी कारखान्यात, कचेरीत किंवा घरात अनुभवले, त्यांनी इथे लिहावे. आपल्या कंपनीचे नाव टाळावे. ‘युनियननेच बुडवले’ किंवा ‘मालकांनीच लुटले’ असे एका वाक्यातले निकाल नकोत; करारामुळे पगारात, कामात आणि हिशेबात नेमके काय बदलले, ते हवे.

कॉस्टिंग विभागातून

तासाचा खर्च काढताना आम्ही कामगारांवरचा वर्षाचा सगळा खर्च वर आणि प्रत्यक्ष काम झालेले तास खाली मांडत असू. वरच्या रकमेत पगार, ओव्हरटाइम, भरपगारी सुट्ट्या आणि आरोग्यविमा तर असेच, शिवाय कधीच निवृत्त झालेल्या माणसांच्या औषधोपचारांचा खर्चही असे. खाली मात्र फक्त आज कामावर असलेल्यांचे तास. त्यामुळे एखादा कारखाना बंद झाला, की उरलेल्या कामगाराला एक सेंटही वाढवून न देता त्याचा ‘तासाचा दर’ कागदावर चढत असे. जुन्या कामगाराचा मूळ दर तेव्हा सुमारे २८ डॉलर होता. ओव्हरटाइम आणि सुट्ट्या धरून तो चाळिशीच्या आसपास जाई, लाभांचे साधारण १५ डॉलर त्यावर, आणि निवृत्तांच्या खर्चाचे जवळजवळ तितकेच. टोयोटा आणि होंडा यांचे इथले मोटारींचे कारखाने १९८०च्या दशकात उभे राहिल्यामुळे त्यांचा हा शेवटचा रकाना जवळपास कोरा होता. डिसेंबर २००८च्या सरकारी कर्जाला मात्र मजुरीखर्च त्यांच्या बरोबरीला आणण्याची अट होती.

दुसऱ्या श्रेणीतील कामगार

मंदीत आधीची नोकरी गेल्यावर मी २०१२ साली लाइनवर लागलो. नव्या भरतीला जुन्यांच्या साधारण निम्म्या दराने घेण्याची मुभा २००७च्या कराराने दिली होती, आणि माझी सुरुवात तासाला सोळा डॉलरच्याही किंचित खाली झाली. काम दाराच्या चौकटीला रबरी पट्टी बसवण्याचे होते. गाडीच्या डाव्या बाजूला मी आणि उजव्या बाजूला जुन्या श्रेणीतील एक गृहस्थ. पट्टी तीच, ती ठोकायचा हातोडा तोच, कोपऱ्यात ती दुमडली तर दोघांनाही सारखीच बोलणी बसत आणि एक मिनिट होते न होते तोच पुढची गाडी समोर येई. आठवड्याच्या शेवटी पगाराच्या चिठ्ठ्या मात्र शेजारी ठेवायची सोय नव्हती. त्या गृहस्थांशी माझे कधी वाकडे आले नाही. पट्टी अंगठ्याने नव्हे, तळव्याने दाबायची हे त्यांनीच शिकवले. तरीही एक गोष्ट खटकत राहिली, ती म्हणजे २००७ साली सोडलेला दर हा पुढे भरती होणाऱ्यांचा होता आणि त्या करारावरच्या मतदानाला हे पुढचे लोक हजर असणे शक्यच नव्हते.

उत्पादन नियोजनातून

‘जॉब्ज बँक’विषयी फार थट्टा झाली, म्हणून थोडे लिहितो. १९८४पासूनच्या या तरतुदीमुळे काम नसलेल्या कामगारालाही पगाराचा बहुतांश भाग मिळत असे. त्याचा परिणाम नियोजनावर असा होई, की मजुरी हा कमी-जास्त करता येण्याजोगा खर्च उरतच नसे. मग मागणी नसतानाही गाड्या बनवून सवलतीत खपवणे हिशेबात परवडते असे दिसे. २००९च्या आरंभी ही तरतूद गेली. तिच्याबरोबरच महागाई भत्ता थांबला. हे कामगारांनी सोडले, हे खरे. पण न खपणाऱ्या मोटारींचे आराखडे त्यांनी केले नव्हते, हेही नोंदवायला हवे.

सुट्या भागांच्या कारखान्यातून

आमचे दुखणे वेगळे आहे. गाडीच्या खर्चाचा मोठा हिस्सा बाहेरून येणाऱ्या भागांचा असतो. ग्राहक कंपनी आम्हाला दरवर्षी किंमत काही टक्के उतरवायला लावे आणि ती कपात फिरून आमच्याच मजुरीवर येई. तिच्यावर कधी मतदान झाले नाही.

निवृत्त कामगाराची मुलगी

वडील १९७०च्या दशकात इथे आले आणि टूलरूममधून निवृत्त झाले. २००७च्या कराराने निवृत्तांच्या आरोग्याचा भार कंपन्यांच्या ताळेबंदातून काढून संघटनेशी जोडलेल्या स्वतंत्र न्यासाकडे सोपवला. ठरले होते रोख रकमेचे. २००९च्या दिवाळखोरीत त्यातील मोठा भाग समभागांच्या रूपात द्यायचे ठरले. नव्या जनरल मोटर्सचे १७.५ टक्के आणि क्रायस्लरचे ५५ टक्के समभाग त्या न्यासाकडे गेले. बाबांनी जन्मात शेअर घेतला नव्हता आणि आता त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या शेअर बाजारावर अवलंबून होत्या. दात आणि डोळ्यांचे संरक्षण जुलैपासून बंद होणार असल्याचे पत्र आले, तेव्हा त्यांनी ते भिंगातून दोनदा वाचले आणि जून संपायच्या आत दोन दाढांचे काम उरकून घेतले.

धागाकर्ता

दुसऱ्या श्रेणीतील वाचकांना एक प्रश्न : २०२३च्या करारानंतर फरक उरला आहे का?

दुसऱ्या श्रेणीतील कामगार

दराचा उरलेला नाही. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळणार आहे, महागाई भत्ता परत आला आहे, आणि २०१५च्या कराराने वरच्या दरापर्यंत जायला लावलेली आठ वर्षे आता तीनवर आली आहेत. निवृत्तिवेतनाचे तसे झाले नाही. २००७नंतर लागलेल्यांना जुने ठरावीक निवृत्तिवेतन नाही आणि निवृत्तीनंतरचा आरोग्यविमाही नाही. त्याऐवजी कंपनी बचतखात्यात पगाराच्या दहा टक्के रक्कम भरते. उजव्या बाजूचे गृहस्थ मध्यंतरी निवृत्त झाले. त्यांना दरमहा ठरलेली रक्कम येते. माझी रक्कम बाजार ठरवील.