मदत हवी आहे: सगळे फ्यूज काढले तरी उभ्या गाडीची बॅटरी उतरतेच

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, बसवून चौदा महिने झालेत. शनिवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होत नाही, सेल्फ नुसता टक-टक करतो. बाबांना सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला डायलिसिसला न्यायचं असतं. गेल्या सोमवारी त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी ढिम्म. शेजारच्या दादांनी जंपर लावून दिला, तोवर पाऊण तास गेला होता. पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून हा धागा.

दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही गाडी चालू करून टर्मिनलवर १४.२ व्होल्ट बघितले, 'चार्जिंग ओके' म्हणाले आणि नवी बॅटरी घ्यायला सांगितली. मला ते पटलं नाही. एका रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं. रात्री १२.५८ व्होल्ट होते, सकाळी १२.५६. दुसऱ्या रात्री टर्मिनल जोडलेलं ठेवलं, तर सकाळी १२.३१. म्हणजे बॅटरी वीज धरून ठेवते, गाडीच ती पिते.

मग मल्टिमीटर घेऊन बसले. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली आणि निगेटिव्ह टर्मिनल व त्याची केबल यांच्या मधोमध मीटर जोडला. दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकललं, म्हणजे गाडीला दार लावलंय असं वाटतं. सुरुवातीला २ अँपिअरच्या वर आकडा होता, पण आतले कंट्रोलर झोपी जायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास हात लावला नाही. त्यानंतर आकडा ०.५५ वर स्थिरावला. चांगल्या गाडीत तो ०.०५ च्या आत असायला हवा. हिशोब केला: ०.५५ गुणिले ३६ तास म्हणजे जवळपास २० अँपिअर-अवर, निम्म्याहून जास्त बॅटरी. त्यात माझं रोजचं ऑफिस चार किलोमीटरवर, एवढ्याशा फेरीत गेलेली वीज भरून येत नाही.

सगळ्यांचा संशय बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर होता, माझाही. त्याचा फ्यूज काढला, आकडा जेमतेम ०.०१ ने हलला. डिकीतला दिवा बघितला, फोन आत ठेवून व्हिडिओ काढला, दिवा विझतो. मग डॅशबोर्डखालचे आणि बॉनेटखालचे सगळे छोटे फ्यूज एकेक करून काढले. तरी ०.५२! फक्त बोल्टने कसलेला मोठा फ्यूज तसाच ठेवलाय. फ्यूजच नाहीत तर ही वीज जाते कुठून? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, मोजणी अगदी बरोबर केलीत. आता त्या मोठ्या फ्यूजच्या पलीकडे बघा. अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, पाठीला एक जाड वायर बोल्टने कसलेली असते. ती छोट्या फ्यूजांमधून जात नाही, बॅटरीशी कायम जोडलेली असते. आतले डायोड विजेला एकाच दिशेने सोडतात. एखादा गळका झाला की गाडी बंद असताना वीज उलटी अल्टरनेटरमध्ये शिरते. बाकीचे डायोड काम ओढतात, म्हणून चार्जिंग १४ च्या वर दिसू शकतं आणि तपासणारा फसतो.

पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटरला हात लावून बघा. कोमट लागला तर चोर तिथेच. खात्री करायची असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मगच ती जाड वायर सोडा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मीटर लावा. वायर सुटलेली असताना इंजिन अजिबात चालू करू नका. मीटर मध्ये असताना तर चावीही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

मूळ धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार! आज पहाटे पाचला खाली गेले. इंजिनचं लोखंड गारठलेलं आणि अल्टरनेटरची पाठ कोमट. विश्वासच बसेना, दोनदा हात लावला. मग फ्यूज सगळे जागेवर ठेवून तुम्ही सांगितलं तसं जाड वायर सोडून मोजलं. ०.५५ चे थेट ०.०३ झाले.

वायर परत कसून ठेवली आहे. दुरुस्ती होईपर्यंत रोज रात्री दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढते. बॅटरी चार वेळा पूर्ण बसली आहे, म्हणून ती बाहेर काढून सावकाश पूर्ण चार्ज करायला देणार आहे.

आता एकच अडलंय. इथला डायनामो-सेल्फवाला म्हणतो नुसती डायोड प्लेट बदलतो, दुसरा म्हणतो अख्खा अल्टरनेटर बदला. दर सोमवारी पहाटे जिच्यावर भिस्त ठेवायची अशी ही गाडी आहे. फक्त प्लेट बदललेल्यांना पुढे काय अनुभव आला? बेअरिंग आणि कार्बन ब्रशही त्याच वेळी बदलून घेऊ का?