हेड खोलण्याआधी रेडिएटरचं झाकण बघा

खानापूरच्या मित्राची जुनी मारुती ८०० चोर्ला घाट चढताना तापते, म्हणून त्याने विचारलं, तर दोघांनी थेट हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) बदलायला सांगितलंय. जरा थांबा हो! आधी रेडिएटरचं झाकण बघा. आतलं रबर कडक होऊन चिरलं की ते दाब धरत नाही. दाब धरला तर पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. नाही धरला तर १०० च्या आसपासच खळखळतं आणि बाहेर फेकलं जातं. चढावर नेमकं हेच होतं. झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर हात भाजून घ्याल.

आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास ओततात. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, मग पाणी नीट गार होत नाही. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं द्रव) डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणारे मिस्त्रीही भेटतील. अजिबात काढू देऊ नका, इंजिन नीट गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

झाकण बदलूनही रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर मग गॅस्केटचं बघा.