पुरानंतर फुकट गाळ काढून देणाऱ्याला सोसायटीचं काम द्यावं का?

तळमजला:
पुण्यात सिंहगड रोडला नदीच्या अंगाला आमची सोसायटी. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि पार्किंग, तळमजला, मीटरची खोली सगळं पाण्यात गेलं. पाणी उतरलं, पण चिकट गाळ राहिला. तेव्हा चौकातल्या गाड्या धुण्याच्या सेंटरचा मालक स्वतःचा धंदा बंद ठेवून जनरेटर, प्रेशर पंप आणि कामाची पोरं घेऊन आला. एक रुपया घेतला नाही. आता जनरल बॉडीत ठराव मांडतोय: गेटवर आभाराचा फलक लावायचा आणि टाक्या व पार्किंग धुण्याचं वर्षभराचं काम त्यालाच द्यायचं, कोटेशन न मागवता. अडचणीत धावून आला त्याला काम द्यायला काय हरकत आहे?

हिशेबनीस:
हरकत आहे. फलक लावा, शाल-नारळ द्या, मी टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसतो. कामासाठी मात्र तीन कोटेशनं मागवाच. उपकाराची परतफेड कंत्राटानं व्हायला लागली, की पुढच्या पुरात नुसत्या माणुसकीनं येणाऱ्याकडेही लोक संशयानं बघतील. शिवाय गाडी धुणं वेगळं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी धुणं वेगळं.

तळमजला:
तीन कोटेशनं म्हणजे एकाच माणसाची तीन लेटरहेडं, हे कुठल्या सोसायटीला माहीत नाही?

पंपवाला:
मी याच धंद्यातला, पण शहराच्या दुसऱ्या टोकाचा. 'फुकट' म्हणताय ते किती महागात पडलं असेल ते ऐका. गाळ ओला आहे तोवरच निघतो. ऊन लागून बसला की पंपाचं काम संपलं, पहार आणि फावडं घ्यावं लागतं. म्हणजे त्याला लगेच यावं लागलं, स्वतःचा धंदा बुडवून. आधी जाडा थर फावड्यानं ओढायचा, मग वरून खाली पाणी मारायचं, शेवटी उतार बघून वायपर. आणि तो गाळ गटारात ढकलायचा नसतो. चेंबर तुंबलं की सगळं परत तुमच्याच पार्किंगमध्ये. पोत्यांत भरून बाहेर काढावा लागतो, त्यातच सगळ्यात जास्त माणसं लागतात. मीटरची खोली बुडालेली म्हणजे मोटारी बंद, मग पाणी टँकरचं. जनरेटरचं डिझेल वेगळं. गढूळ पाण्यानं पंपाची सीलं जातात ती वेगळीच.

वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावू दिला नसेल अशी आशा. त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्यानं गेले.

नाइट ड्यूटी:
मी दवाखान्यात काम करते, म्हणून विचारते. फलकावर मालकाचं नाव येणार. गाळात उतरलेल्या पोरांचं काय? पायात गमबूट होते का? उंदरांची लघवी मिसळलेलं पाणी पायाच्या एवढ्याशा जखमेतून आत जातं आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. ताप काही दिवसांनी येतो, तोवर कोणाला आठवतही नाही की हा पोरगा कुठे उभा होता. अशा वेळी डॉक्टर आधीच डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, ते कोणी विचारलं का? आणि त्या दिवसांची मजुरी?

तळमजला:
मजुरी मालकानं दिली, माझ्या समोर. गमबूट दोघांकडेच होते, बाकीची पोरं चपलांवर.

नाइट ड्यूटी:
मग फलकाच्या पैशात आधी गमबूट आणा.

लाल रेषा:
सगळी चर्चा भलत्याच माणसाभोवती चाललीय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच धरणातून ४५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. म्हणजे ३५ हजार हा काही न भूतो न भविष्यति आकडा नव्हे. मध्यंतरी काठावर राडारोड्याचे भराव पडत गेले, पात्र आवळत गेलं. पूररेषा दोन असतात: निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. आपली इमारत त्यांच्या कुठल्या बाजूला आहे हे फ्लॅट घेताना किती जणांनी पाहिलं? ठराव करायचाच तर हा करा: विसर्ग वाढवण्याआधी अमुक तास इशारा हवा, रात्री असेल तर भोंगा हवा, भराव काढायला हवेत. त्या सेंटरवाल्यानं पार्किंग इतकं चकाचक केलं की तक्रारीसाठी फोटो काढायलाही गाळ उरला नाही!

वाड्यातला:
फोटोसाठी गाळ ठेवायचा? धन्य आहे! १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यावर चौकशी आयोगही बसला. पण आमच्या वाड्यातला चिखल आयोगानं नाही काढला, शेजारच्या तालमीतल्या पोरांनी काढला, असं वडील सांगायचे. अर्ज करा, खुशाल करा. पण तळमजल्यावर म्हातारी माणसं असतील तर आधी घर राहण्याजोगं व्हायला हवं.

लाल रेषा:
आणि त्या तालमीला वाड्यानं वर्षभराचं कंत्राट दिलं होतं का?

वाड्यातला:
नाही. पण पुढे कित्येक वर्षं गणपतीची वर्गणी मागायला आले की आमच्याकडून नाही म्हटलं जायचं नाही.

हिशेबनीस:
हे मला पटतं. डिझेल, टँकर आणि सीलांचा खर्च सोसायटीच्या फंडातून भरून द्या, रीतसर पावती घेऊन. देणं फिटलं. टाक्यांचं काम वेगळ्या विषयावर घ्या.

तळमजला:
पैसे तो घेणार नाही. दोनदा विचारून झालंय. आणि लाल रेषा, इशाऱ्याचा ठराव आणा, पहिली सही माझी. पण त्यासाठी याला काम द्यायचं नाही, हे गणित मला कळत नाही.

पंपवाला:
त्याला काम हवंय का, हे विचारलंत? दिवाळीच्या तोंडावर गाड्या धुवायला रांग लागते आणि सोसायट्यांना टाक्याही तेव्हाच धुवून हव्या असतात. मी असतो तर नाही म्हटलं असतं.

तळमजला:
उद्या विचारतो. ठराव मात्र मागे घेत नाही.